घाटाखालचा रेडिओ

वीस फुटी पीव्हीसी पाईप पिकअपवर चढवायचे म्हणजे मागचा हौदा काही पुरत नाही, पाईप कॅबिनच्या वरून पुढे काढावे लागतात, आणि पुढे काढले की दोरी बांधणारा पोरगा पलीकडे जी दोरी फेकतो ती नेमकी जाऊन अँटिनाला अडकते. मग तो ओढतो. त्याला वाटतं पाईपाला अडकली, म्हणून अजून जोरात ओढतो. अँटिना धनुष्यासारखी वाकते, दोरी सुटते, आणि अँटिना सटाककन परत येते ती कधी काचेवर, कधी त्याच पोराच्या कोपरावर. हे आमच्या गोडाऊनसमोर सीझनमध्ये जवळजवळ रोजचं आहे.

आमचा धंदा ड्रिपचा, म्हणजे ठिबक सिंचनाचा. बाबांनी सुरू केला, आता मी बघते, बाबा फक्त ‘बघतात मी कसं बघतेय ते’. दुकान आणि घर इंदूरला, राजेंद्र नगरकडे, पण गिऱ्हाईक जास्त करून खाली निमाडात, म्हणजे घाटाखालच्या नर्मदेकडच्या पट्ट्यात, कारण वर इंदूरकडच्या माळव्यात गहू-सोयाबीन, तिथे ड्रिप लागतं कुठे फारसं. खाली मिरची, कापूस, पपई, केळी, तिथे पाण्याचा थेंब न् थेंब मोजतात लोक. त्यामुळे आमच्या पिकअपचा रस्ता ठरलेला: राऊ, महूचा फाटा, मानपूर, मग घाट उतरून गुजरी, धामनोद, खलघाटला नर्मदा ओलांडायची आणि मग एकतर खरगोनकडे नाहीतर सरळ जुलवानिया-सेंधवा. या गोष्टीत घाट महत्त्वाचा आहे. घाट नसता तर मी अँटिना बदलून मोकळी झाले असते आणि लिहायलाही बसले नसते.

डंडी म्हणजे अँटिना. आमच्याकडे तिला सगळे डंडीच म्हणतात, मेकॅनिक, दुकानदार, ड्रायव्हर मामा, सगळे. आमच्या गाडीची डंडी डाव्या हाताला, काचेच्या खालच्या कोपऱ्याशी, कंपनीनेच दिलेली, काळी, साधारण ३१ इंची, म्हणजे ७९ सेंटीमीटरच्या आसपास. दोरीचा त्रास सांगितलाच. शिवाय आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाची खाली आलेली फांदी, केबलवाल्यांच्या लोंबणाऱ्या तारा, आणि बायपासच्या बाजूला एका गिऱ्हाइकाच्या बेसमेंटचा उतार जिथे आत जाताना वरच्या बीमवर टरर्र आवाज करत डंडी घासत जाते. आणि अजून एक, जे गाडीत बसल्याशिवाय कळत नाही: शिट्टी. रिकामी गाडी ऐंशीच्या स्पीडने चालली की डंडी शिट्टी मारते, म्हणजे खरंच मारते, बारीक, सतत.

ह्या शिट्टीचं कारण मला आवडलं म्हणून सांगून टाकते. गोल काडीवरून वारा गेला की काडीच्या मागे एकदा डावीकडून एकदा उजवीकडून असे भोवरे सुटत राहतात. तीन मिलिमीटर जाडीची काडी आणि ताशी ऐंशी किलोमीटरचा वारा धरला तर सेकंदाला हे भोवरे दीडेक हजार होतात, आणि सेकंदाला दीडेक हजार म्हणजे कानाला नीट ऐकू येणारी शिट्टीच. म्हणून काही गाड्यांच्या लांब डंडीवर बाहेरून एक बारीक तार पिळासारखी गुंडाळलेली असते, त्या पिळाने भोवऱ्यांची लय मोडते आणि शिट्टी बसते. लोकांना वाटतं तो पीळ रेडिओसाठी आहे. त्याचा रेडिओशी काही संबंध नाही, तो वाऱ्यासाठी आहे. रेडिओसाठीचा पीळ वेगळा, तो आत असतो, आणि छोट्या डंडीत असतो.

तर मामांनीच सुचवलं. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, मूळ सनावदकडचे, बाबांच्या वेळेपासून आहेत. म्हणाले, “दीदी, छोटी डंडी लगवा लो, आजकल सब लगवा रहे हैं।” मी म्हटलं रेडिओ लागेल का नीट? तर म्हणाले, “रेडियो सुनता कौन है?” ते स्वतः पेन ड्राइव्ह लावतात. त्या पेन ड्राइव्हमधली गाणी मला आता उलट्या क्रमानेही पाठ आहेत.

जेल रोडच्या नॉव्हेल्टी मार्केटमध्ये चक्कर मारली तर छोट्या डंडीचे एवढे प्रकार की विचारू नका. चार इंची जाडसर बुलेटसारखी, सात इंची रबराची, तेराच्या आसपासची लवचिक, हाताने वाकवली तर परत सरळ होणारी, आणि शार्कच्या पंखासारखं ते जे छपरावर चिकटवतात. शार्कच्या पंखाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या गाड्यांना कंपनीतून जो येतो त्याच्या आत खरोखर छोटी अँटिना असते आणि तिच्यासोबत एक ॲम्प्लिफायर असतो, त्याला बारा व्होल्टचा करंट लागतो, वायरिंग वेगळं येतं. दुकानात दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर जो विकतात तो बऱ्याचदा आत रिकामा, निव्वळ प्लास्टिकचं टोपण. मी उलटा करून दाखवला, “इसमें तो कुछ है ही नहीं,” तर दुकानदार म्हणाला, “दीदी, ये लुक के लिए है।” प्रामाणिक माणूस होता, विचारलं की सांगत होता.

आता लांबीचं गणित. हे मी आधी कधी नीट बघितलं नव्हतं, मला वाटायचं ३१ इंच हा कुठल्यातरी साहेबाने ठरवलेला आकडा असणार. तसं नाहीये. रेडिओच्या लाटेची एक लांबी असते, ३० कोटी मीटर प्रति सेकंद हा प्रकाशाचा वेग घ्यायचा आणि फ्रिक्वेन्सीने भागायचं. रेडिओ मिरची ९८.३ मेगाहर्ट्झवर लागतं, भागाकार केला की तीन मीटर आणि वर पाच सेंटीमीटर. त्या लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी उभी काडी आणि खाली पत्र्याचा पृष्ठभाग असला की ती काडी त्या लाटेला अगदी राजीखुशीने प्रतिसाद देते. चौथा हिस्सा म्हणजे ७६ सेंटीमीटर, तीस इंच. भारतात एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, त्याच्या बरोबर मध्याला चौथा हिस्सा काढा, तोच आकडा येतो, सत्त्याहत्तरच्या आत-बाहेर. म्हणजे गाडीवर जी काडी उभी दिसते ती अर्धीच अँटिना, दुसरा अर्धा भाग गाडीचा पत्रा आहे. पत्रा नसेल, म्हणजे फायबरची कॅबिन असेल किंवा डंडीच्या बुडाशी गंज चढून पत्र्याशी जोड तुटला असेल, तर कितीही लांब डंडी लावा, रेडिओ खरखरणारच.

मग सात इंचात हे कसं बसवतात? तार साधारण तेवढी किंवा जरा जास्तच लागते, फक्त ती एका बारीक काडीवर गुंडाळतात. नऊवारी साडी जशी निऱ्यांमध्ये बसते, लांबी कुठे जात नाही, दिसत नाही एवढंच. गुंडाळलेली तार त्या फ्रिक्वेन्सीला जुळते, हे खरं. पण लाट पकडायला हवेत जी उंची लागते ती तर कमी झालीच ना. आणि दुसरं म्हणजे अशी आखूड डंडी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या आसपास छान काम करते आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मान टाकते, लांब सरळ काडी तशी नसते, ती अख्ख्या पट्ट्याला सारखी वागवते. जितकी आखूड तितका हा हट्ट जास्त. म्हणून चार इंची बघून मी परत ठेवली, तेरा इंची मामांना नको होती (“फिर बदलने का फायदा क्या”), सात इंचीवर तडजोड झाली.

लावायचं काम अगदीच किरकोळ. जुनी डंडी हाताने उलटी फिरवली की निघते, नाही निघाली तर बुडाशी पाना लावायला चपटी जागा दिलेली असते. नवीच्या डब्यात दोन-तीन वेगवेगळे स्क्रू येतात कारण कुठल्या गाडीला एम फाइव्ह आटे असतात, कुठल्या गाडीला एम सिक्स, आणि इथेच लोक गडबड करतात, बसत नाही म्हणून जोर लावतात, मग गाडीच्या बाजूचे आटे मरतात, आणि ते आटे खालच्या अख्ख्या बेसला असल्यामुळे बेस बदलावा लागतो, त्यासाठी डॅशबोर्डपर्यंतची केबल ओढायची, म्हणजे शंभर-दोनशेची हौस कुठल्या कुठे जाते. बोटांनी तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत, नाही गेले तर स्क्रू चुकीचा. मामांनी बुडाची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, खाली रबराचं वायसर बसवलं, पावसाचं पाणी केबलमध्ये उतरू नये म्हणून, आणि मग जुन्या डंडीकडे बघून म्हणाले “ये तो सोटी बन जाएगी।”

शहरात फरक पडला? शून्य. म्हणजे शोधून सापडेना. मिरची, विविध भारतीचं १०१.६, बाकीची सगळी, जशी आधी लागत होती तशीच. सर्वटेच्या पुलाखाली आधीही एक सेकंद घरघर व्हायची, आताही होते. आणि ह्यात नवल नाही, ट्रान्समीटर इथेच डोक्यावर आहे, इतका जोरदार सिग्नल की डंडीच्या जागी खिळा लावला तरी गाणं वाजेल. इंदूर एफएमच्या बाबतीत तसं जुनं गाव आहे, खासगी एफएम देशात सुरू झाले त्याच वर्षी, ऑक्टोबर २००१ मध्ये मिरचीचं देशातलं पहिलं स्टेशन इथेच सुरू झालं. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या व्हॅनवाल्या काकांनी एका आठवड्यात टेप काढून एफएम बसवला होता. दोरी आता अडकत नव्हती, फांदी लागत नव्हती, शिट्टी बंद, बेसमेंटमध्ये आवाज नाही, मी एकदम खूष. छोट्या डंडीची तारीफ करणारे खोटं बोलत नाहीत, हे मला मान्यच आहे. ते फक्त टॉवरजवळ राहतात.

बाबांना खरगोनला एका जुन्या शेतकऱ्याच्या घरी लग्नाला जायचं होतं, गाडी माल घेऊन तिकडेच जात होती, मीही वसुलीला निघाले होते, तर तिघंही पुढच्या सीटवर. बाबा गाडीत बसले की पेन ड्राइव्ह बंद. हा नियम कोणी केला माहीत नाही पण मामाही पाळतात. विविध भारती लावली. राऊ, महू, छान चाललं होतं. मानपूरच्या पुढे आधी काय झालं तर गाण्यातली झांज-घुंगरांची धार गेली, आवाज दबल्यासारखा झाला. हे रेडिओ मुद्दाम करतो, सिग्नल कमी पडायला लागला की तो स्टिरिओ सोडून हळूहळू मोनोवर येतो म्हणजे खरखर कमी ऐकू यावी, कान नसेल तर लक्षातही येत नाही. बाबांच्या आलं. ते म्हणाले, “ह्या वेळी लवकर गेलं.” मी गप्प. मग घाटाच्या पहिल्या वळणाला गाणं येतंय-जातंय, येतंय-जातंय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला नुसता सूं सूं.

“डंडी कुठे गेली?” बाबांनी काचेतून बाहेर बघितलं.

“बदलली ना बाबा, दोरी अडकायची.”

“अगं मग दोरी नीट फेकायला शिकवायचं पोराला.”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मामा रस्त्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन गाडी चालवायला लागले.

घाटात एफएम जातं ते डंडीमुळे नाही, हे मी बाबांना पटवायचा प्रयत्न केला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि खाली नर्मदेकाठी महेश्वर दीडशेच्या आसपास, म्हणजे माळव्याच्या पठाराची कड उतरून आपण चारशे मीटर खाली जातो, ट्रान्समीटर वर राहतो आणि मध्ये ती कड उभी. तीन मीटरची लाट अशा कडेवरून वाकून खाली बघत नाही, थोडीफार वाकते पण पोचते ती अगदी मेल्यासारखी. तिथे लांब डंडी दोन वळणं जास्त ओढून नेते, एखाद्या चढावर गुजरीच्या पुढेही अचानक अर्धं गाणं देऊन जाते, बस. मी म्हटलं दोन वळणांसाठी काय एवढं. बाबा म्हणाले, “एफएमचं कोण बोलतंय?” आणि बटण दाबून एएमवर, म्हणजे मीडियम वेव्हवर गेले.

तिथे खरी गंमत. किंवा गंमत कसली, आवाजच आवाज, कुर्रर्र अशी एक सलग करवत, आणि तिच्या मागे कोणीतरी बोलतंय एवढंच कळत होतं. बाबा मीटर-मीटर सरकवत होते. मामांनी काय केलं, काही न बोलता मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपटला. करवत निम्म्याने खाली! मी बघतच राहिले. स्वस्तातले कार चार्जर बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करायला आत सेकंदाला हजारो-लाखो वेळा करंट चालू-बंद करतात, आणि ती चालू-बंद म्हणजे एक छोटा वाईट ट्रान्समीटरच, डॅशबोर्डच्या आत, अँटिनाच्या केबलला खेटून बसलेला. लांब डंडी बाहेरचा सिग्नल भरपूर आणायची तेव्हा हा कचरा त्याखाली दबून जायचा, डंडी आखूड केल्यावर बाहेरचं कमी झालं, आतलं होतं तेवढंच राहिलं. आमची गाडी डिझेलची आहे हे आमचं नशीब, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, पेट्रोलवाल्यांना जुन्या काळी एएमवर प्लगची ती टिकटिक वेगळी ऐकावी लागायची. मामांना हे चार्जरचं कसं माहीत म्हणून विचारलं तर म्हणाले, “बाबूजी के साथ बीस साल से रेडियो सुन रहा हूँ ना।” रेडियो सुनता कौन है म्हणणारे हेच!

पण चार्जर काढूनही बाबांचं समाधान होईना आणि ह्यावेळी गणित त्यांच्या बाजूने होतं. मीडियम वेव्हच्या लाटा म्हणजे वेगळीच जात. आकाशवाणी इंदूर हे आजच्या मध्य प्रदेशातलं पहिलं आकाशवाणी केंद्र, २२ मे १९५५ ला सुरू झालं, मालवा हाउस त्याचं ठिकाण, आणि त्याची मीडियम वेव्हची फ्रिक्वेन्सी ६४८ किलोहर्ट्झ. करा भागाकार: लाट ४६३ मीटर लांब. एवढी मोठी लाट माळव्याच्या कडेला जुमानत नाही, जमिनीला धरून वळत खाली निमाडात उतरते, शेतातल्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरपर्यंत जाते. पण तिचा चौथा हिस्सा होतो ११६ मीटर. पाठवणाऱ्या बाजूला हे जमतं, मीडियम वेव्हचा जो उंच मनोरा असतो तो अँटिना धरून ठेवायला नसतो, तो स्वतःच अँटिना असतो आणि त्याच्याखाली जमिनीत चारी दिशांना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, गाडीला जसा पत्रा तशा. ऐकणाऱ्याच्या गाडीवर ११६ मीटर कोण लावणार! म्हणजे एएमसाठी ३१ इंचाची डंडीही मुळातच तोकडी, ती लाटेशी जुळत वगैरे नाही, ती हवेतला व्होल्टेज जेमतेम चाखते. आणि तिथे सरळ हिशोब आहे, काडी जेवढी उंच तेवढा घास मोठा. एकतीसवरून सातवर आलात तर चौथ्या हिश्शाहून कमी, शिवाय जे मिळालं त्यातलं काही केबल गिळते ते वेगळंच. निऱ्यांची युक्ती इथे चालत नाही, आतली गुंडाळी एफएमच्या मापाने केलेली असते, एएमला त्याचा काडीचा उपयोग नाही.

हे सगळं शब्दशः असं बोलले नाही मी गाडीत, पण बाबांना ते माहीतच होतं, त्यांच्या पद्धतीने. त्यांच्या पहिल्या लोडिंग गाडीतल्या रेडिओला लायसन होतं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्के मारून आणायचे, ही लायसनं ऐंशीच्या दशकात गेली. त्या गाडीची डंडी ओढून लांब करायची होती, बाबा घाट उतरले की गाडी बाजूला घेऊन उतरायचे आणि ती पूर्ण बाहेर ओढायचे. कशासाठी? तर जुलवानियाच्या पुढे, सेंधव्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पलीकडून जळगाव आकाशवाणी लागायची. मराठी. शेतीचा भाव, कापसावरची कीड, एखादं भावगीत, काहीही असो. इंदूरच्या मराठी माणसाला हे सांगायला नको, आपल्याकडे मराठी म्हणजे घर, नातेवाईक, ‘सानंद’ ह्या इथल्या मराठी संस्थेचं नाटक, गणपतीतले दहा दिवस, बाहेर पाऊल टाकलं की सगळी हिंदी, आणि हिंदी आपलीच आहे, मी स्वतः भांडते हिंदीतच. पण रस्त्यावर, गाडीत, अनोळखी माणसाच्या तोंडून, हवेतून मराठी ऐकू येणं ही वस्तू इंदूरमध्ये मिळत नव्हती, ती घाट उतरून, नर्मदा ओलांडून आणायला जावं लागायचं. आणि रात्री तर अजून मजा, सूर्य मावळला की वरच्या हवेतला एक थर, जो दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेतो, तो विरून जातो आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लाटा शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतात. बाबा सांगतात खलघाटच्या ढाब्याबाहेर खाटेवर पडून गाडीच्या उघड्या दारातून त्यांनी मुंबई ऐकली आहे, पुणं ऐकलं आहे. आत्याचं लग्न पुण्यात ठरलं तेव्हा आमच्या आजीला मुलगी फार लांब चालली असं वाटत होतं, तर बाबा म्हणाले होते, “लांब कुठे, रात्री ऐकू येतं की.”

मी म्हटलं बाबा, आता मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे, देशभरातली केंद्रं लागतात, डंडीच नको. त्यांनी मान हलवली, म्हणाले लाव. लावलं. घाटाच्या खालच्या टप्प्यात नेटवर्कचं चाक गोल फिरत बसलं ते धामनोद येईपर्यंत फिरतच होतं. मी काही बोलले नाही, त्यांनीही बोलून दाखवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. तसं आकाशवाणीसुद्धा मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक करून बंद करतेय, त्यामुळे ही डंडीची भांडणं फार वर्षं टिकणारी नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. पण परत येताना रात्र झाली होती, आणि त्या सात इंचीवरसुद्धा, चार्जर काढलेला, वायपर बंद, खलघाटच्या पुलाच्या अलीकडे कुठूनतरी मराठी आलं. मिनिटभर. बाई काहीतरी बाजरीबद्दल सांगत होत्या. कुठलं केंद्र ते कळलं नाही, नाव सांगायच्या आधी बुडालं. बाबा म्हणाले, “बघ, मोठी असती तर नाव ऐकू आलं असतं.”

एक मात्र आहे, गाडीबाहेर डंडी उभी करायची हौस मुळात कोणालाच नव्हती. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसेल असा रेडिओ विकायला काढला, त्याचं नाव मोटोरोला, आणि गाडीच्या रेडिओमागे अँटिनाची केबल ज्या पिनने खोचतात तिला मेकॅनिक लोक अजून मोटोरोला प्लगच म्हणतात. त्या काळी बऱ्याच मोटारींचं छप्पर लाकूड आणि कापडाचं असायचं, अँटिना म्हणजे त्या छपरात आतून ताणलेली तारेची जाळी, बाहेर काही दिसायचंच नाही. मग तीसच्या दशकाच्या मध्यावर अख्ख्या पोलादी पत्र्याची छपरं आली आणि जाळी आंधळी झाली, पत्र्याच्या आत लाट शिरेना. कोणी पायरीखाली लावून बघितली, शेवटी काडी बाहेर आली. तेव्हापासून जो तो तिला परत आत ढकलायला बघतोय, काचेत छापून, आखूड करून, पंखाचं टोपण घालून.

आमच्याकडे शेवटी ठरलं ते असं. शहरात आणि पाईप भरायच्या दिवशी छोटी. बाबा बरोबर असले किंवा गाडी सेंधव्याकडे जाणार असली की मानपूरला चहाला थांबतात तिथे मामा मोठी लावतात, आटे सारखेच असल्यामुळे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि चार्जर काढून ठेवतात. मोठी डंडी सीटच्या मागे जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवली आहे. एक कटकट आहे, सारखं काढ-घाल केल्याने रबराचं वायसर सैल पडतंय, पावसाळ्याच्या आधी ते बदलायला हवं, नाहीतर केबलमध्ये पाणी गेलं की दोन्ही डंड्या सारख्याच.

तुम्ही बदलणार असाल आणि गाडी शहरातच फिरत असेल तर बिनधास्त बदला, फक्त आटे बघून घ्या आणि टोपण उलटं करून आत काही आहे का ते बघा. घाट उतरत असाल तर जुनी जपून ठेवा. दुकानदार “इसका क्या करोगे दीदी” म्हणत हात पुढे करतो, देऊ नका त्याला. त्याच्या काउंटरखाली अशा डंड्यांचा अख्खा भारा पडलेला मी बघितलाय, आणि ज्यांची मोडते त्यांना तो त्याच विकतो.